विन्सला निरोप देण्याची तयारी आताच हवी

मा. संपादक,

महोदय,

सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांच्या कार्यालयांत संगणकांचे नेटवर्क सांभाळण्याचे काम मी करतो. तेथील अनेक कार्यालयांत हिशेबाचा सर्व्हर, प्रिंटर आणि ड्रॉइंगचे सामायिक फोल्डर आजही नेटबायोसच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे फार तर 15 अक्षरांच्या नावाने, शोधले जातात. नाव पुकारून सगळ्या संगणकांना विचारण्याची ही हाकाटी एकाच शेडमध्ये चालून जाते. परंतु ती राउटरपलीकडे जात नसल्यामुळे, अंबडचे कार्यालय सिन्नरच्या गोदामाशी जोडले की विन्स सर्व्हर (संगणकांची नावे आणि पत्ते यांची नोंद ठेवणारा) किंवा तशीच यादी हाताने लिहिलेली एलएमहोस्ट्स फाइल यांचा आधार घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2025 ही विन्स असलेली शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले आहे. तिला 2034 पर्यंत आधार मिळणार असल्याने घाई नाही, असे कारखानदार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण नवा सर्व्हर घेण्याची वेळ आपल्या सोयीने येत नाही.

विन्सच्या जागी वापरायचे डीएनएस, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी इंटरनेटवरचीच पद्धत, काही नवे नव्हे. त्याची मूळ मांडणी 1983 सालची आहे आणि विंडोज 2000 पासून डोमेनचा (कार्यालयातील संगणकांच्या एकत्रित गटाचा) सारा कारभार त्याच्यावरच चालतो. तरीही बदल करताना सर्वाधिक घोळ एका साध्या गोष्टीने होतो. प्रत्येक संगणकावर पहिला डीएनएस कार्यालयातील सर्व्हरचा आणि दुसरा, 'असू द्यावा' म्हणून, इंटरनेट कंपनीचा किंवा गूगलचा घातला जातो. पहिल्याकडून वेळेत उत्तर आले नाही की संगणक दुसऱ्याकडे वळतो, तेथून 'असे नाव अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळते आणि संगणक तेच अंतिम मानतो. मग सकाळी उघडलेले फोल्डर दुपारी उघडत नाही आणि दोष केबलवर किंवा स्विचवर जातो. विन्स चालू असेपर्यंत ही चूक झाकलेली राहते. ते बंद केल्यावरच उघडी पडते आणि बोल मात्र डीएनएसला लागतो. संगणकांना केवळ आतलेच डीएनएस सर्व्हर द्यावेत, शक्य तर दोन, आणि बाहेरच्या नावांची चौकशी त्या सर्व्हरांनीच पुढे पाठवावी.

छोटी नावे सोडावी लागतील, ही भीतीही अनाठायी आहे. संगणकांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमधून डोमेनचे नाव योग्य दिले, तर संगणक ते छोट्या नावामागे आपणहून जोडतो. खरी कसोटी आहे ती जुन्या यंत्रांची. विंडोज 98 वर चालणाऱ्या एखाद्या सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीनला फाइल घेण्यासाठी नेटबायोस लागतोच; विंडोज 2000 आणि एक्सपी त्याच्याविनाही चालू शकतात. म्हणून आधी एकाच विभागात नेटबायोस बंद करून पाहावे आणि नेटबायोसची नावे विचारण्याच्या 137 क्रमांकाच्या पोर्टवर अजून कोण विचारणा करत आहे, याची नोंद काही दिवस ठेवावी. महिनाअखेरचे दिवस त्यात असावेत, कारण काही अहवाल तेव्हाच निघतात. जी यंत्रे उरतील ती वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. नेटबायोसच्या हाकेला नेटवर्कमधील कोणताही संगणक 'तो मीच' असे उत्तर देऊ शकतो, आणि अशा तोतयाच्या हाती पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) लागतो. एलएलएमएनआर या नाव शोधण्याच्या नंतरच्या पद्धतीतही हाच दोष असल्याने तीही सोबतच बंद करावी.

निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे. जुन्या मशीनच्या पुरवठादारांकडून, त्यांचे यंत्र नेटबायोसशिवाय फाइल घेऊ शकते की नाही, याचे लेखी उत्तर संघटनेच्या नावाने मागवावे. एकेकट्या लहान कारखान्याच्या पत्राला ते क्वचितच दाद देतात.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातपूर, नाशिक