चिखलातही तुम्ही चपला दाराबाहेर काढल्या

नमस्कार अध्यक्ष भाऊ,

भिंतींना अजून ओल आहे, गाद्या गच्चीवर आहेत आणि आई रोज एकदा तरी तुमचा विषय काढते. म्हणून बाकीची आवराआवर ठेवून आधी हे पत्र लिहितोय.

22 सप्टेंबर 2023 ला आमच्याकडे, नागपुरात, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्यांच्या वासातच झोपलो. रात्रीतून काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटे नाग नदी आमच्या बैठकीत होती. मुखवटे माळ्यावर ठेवले, आईला ओट्यावर बसवलं आणि एका माजी नगरसेवकांना फोन लावला. पहिल्यांदा रिंग गेली, दुसऱ्यांदा कट झाला, तिसऱ्यांदा फोन बंद. मार्च 2022 पासून महापालिकेत प्रशासक होता, त्यामुळे 'आता आमच्या हातात काही नाही' हे दीड वर्ष ऐकतच होतो.

पण भाऊ, तुमच्या हातात तरी काय होतं? पक्षाच्या प्रभाग अध्यक्षाला ना मानधन, ना सहीशिक्का. सभेला माणसं जमवा, बूथवर बसा, नेता गेला की सतरंज्या उचला. तुम्ही मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला यायचे तेव्हा मी आतूनच 'ठेवा तिथं' म्हणायचो. त्या रात्री तीच मतदार यादी घेऊन तुम्ही पोरांसोबत निघालात. "यादीत वय असते नं, सत्तरच्या वरचे आधी काढले," असं नंतर सहज बोलून गेलात. आमच्या घरातलं एकही मत तुमच्या पक्षाला जात नाही, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. बूथवाल्यांना ते ठाऊक असतंच.

आईला पाठीवर घेऊन कसं काढलं, ते सांगत बसत नाही. मला आठवतं ते दुपारचं. पाणी उतरलं होतं, घरभर वीतभर चिखल. तुम्ही फावडं घेऊन आलात आणि उंबऱ्याशी थांबून चपला काढल्या. आई ओरडली, "अरे, काचा असतील, चपला घाल!" तुम्ही म्हणालात, "घरात महालक्ष्म्या हायेत नं, आजी." मुखवटे माळ्यावर, साड्या चिखलात, मखर मोडलेलं. आम्हीच विसरलो होतो की त्या अजून घरात आहेत. पाणी शिरल्यापासून आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी मोठी मंडळी आली. बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत गेली, आईच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन फोटो काढला. पुडा तेवढा चांगला होता, खाल्ला.

तुमच्या पक्षाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण घरातल्या माणसासारखं वागणं कोणत्या पक्षाच्या कार्यालयात शिकवत नसावेत. ते तुमच्या माऊलीनं शिकवलं असेल. त्यांनाही नमस्कार सांगा.

आणि हो, त्या दिवशी तुम्ही एकाच चपलेनं घरी गेलात आणि बोललाही नाहीत. डाव्या पायाची चप्पल परवा अंगणातल्या गाळाच्या ढिगात सापडली. आईनं धुऊन, वाळवून ठेवली आहे. न्यायला या, पण जेवणाच्या वेळेला या. तिनं आंबील करायचं ठरवलंय.