व्हायोलिनानं गावरान गाणं बाटत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात याच पानावर एका वाचकानं लिहिलं की आपल्या मातीतल्या गाण्याला विलायती व्हायोलिनांची फौज कशाला, ढोलकी-संबळ बास आहे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलो. संबळाचा मी पण भक्त आहे, तुळजापूरला कानावर पडला की आजबी अंगावर काटा येतो, पण म्हणून ऑर्केस्ट्रानं गाणं बाटतं हे काही पटत नाही.

सैराटचंच घ्या की. एप्रिल २०१६ ला पिक्चर आला, लातूरला तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं आणि तशा उन्हात पण गावोगाव हीच गाणी चालू. अजय-अतुलनी त्याचं सिंफनीचं रेकॉर्डिंग पार लॉस एंजेलिसला सोनीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत केलं, तिथं रेकॉर्ड झालेला हा पहिला भारतीय पिक्चर. ‘याड लागलं’चे बोल एकदम गावरान आणि मागं व्हायोलिनांचा अख्खा ताफा, तरी कुणाला परकं वाटलं का? उलट त्या पोराला जे बोलता येईना ते ती वाद्यंच बोलायलेत. आणि ‘झिंगाट’ला नाचायचंय म्हणून तिथं ठेका पुढं. कुठं काय वाजवायचं ही अक्कल महत्त्वाची, वाद्य कुठल्या देशाचं याला काय करायचं.

ही अक्कल अरेंजरची, म्हणजे गाण्यात कुठलं वाद्य कुठं काय वाजवणार ते ठरवणाऱ्याची. संगीतकार चाल देतो, पण गाणारी सूर लांबवून थांबली की मागून व्हायोलिन दुसरीच चाल धरून येतात ना, ते बहुतेक वेळा अरेंजरनं कागदावर लिहिलेलं असतं. शंकर-जयकिशनकडं हे काम गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करायचे, मराठीत अनिल मोहिलेंनी केलं. आपण गाणं म्हणताना मधला पीस पण तोंडानं वाजवतो, पण तो कुणी लिहिला विचारलं तर सगळे गप्प.

वाट लावणारे पण आहेत म्हणा. गाणाऱ्याच्या सुराच्याच पट्टीत वीस वाद्यं कोंबली की शब्द कुठं जातात कळतच नाही, जाणकार माणूस व्हायोलिन आवाजाच्या वर ठेवतो, चेलो (जाड आवाजाचं मोठं व्हायोलिनच म्हणा) खाली, मधी गळ्याला जागा मोकळी.

आणि आपल्याकडच्या गणपती-नवरात्रातल्या स्टेज प्रोग्रामचं तर विचारूच नका. एक कीबोर्डवाला, स्ट्रिंग्जचं, म्हणजे व्हायोलिनांच्या आवाजाचं बटण दाबलं की झालं, नाहीतर सरळ मोबाईलवरचा ट्रॅक. दहा जण एकच सूर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा हात केसभर मागंपुढं असतो, त्यातनंच तो भरीव आवाज येतो, बटणात तो कुठून येणार. साऊंडच्या भिंतीला लाखाची वर्गणी निघते आणि तीन-चार व्हायोलिनवाले म्हणलं की मंडळाचं बजेट संपलेलं.

दुसरं म्हणजे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातले बँडवाले. क्लॅरनेट, ट्रंपेट नुसतं कानानं ऐकून उचलणारी ही माणसं, डीजे आल्यापासून निम्मी घरी बसलीत. सांस्कृतिक खात्यानं उन्हाळ्यात त्यांच्यासाठी नोटेशनचं, म्हणजे सूर कागदावर लिहाय-वाचायचं एखादं शिबिर ठेवलं तर इथंच चांगले वादक तयार होतील, पुण्या-मुंबईहून कुणी बोलवायची गरज नाही. आणि तुमच्या पेपरात गाण्याबद्दल छापून येतं तेव्हा गायक-संगीतकाराच्या बरोबरीनं अरेंजरचं नाव पण टाकत जा, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, परभणी