घराला चाकं आहेत, एवढंच

फोर्ट स्टॉकटन, टेक्सस
१८ मे

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, वजन दोन किलो वाढलंय. फोनवर आप्पा दोन मिनिटांत 'घे, आईशी बोल' म्हणतात आणि आई नुसती रडते, म्हणून लिहितोय. ताई वाचून दाखवेल. तायडे, टायरचा भाग गाळू नकोस; तू आधीच सांगून बसली आहेस हे कळलंय मला.

तुम्ही म्हणता तसा मी 'गाडीत' राहत नाही, ट्रकमागे ओढायच्या ट्रेलर-घरात राहतो. ओटा, शेगडी, फ्रिज, पलंग, न्हाणी, सगळं आहे. सोलरच्या साइटचं कंत्राट सहा-आठ महिन्यांत संपतं, पुढचं तीनशे मैलांवर. दर वेळी डिपॉझिट भरा, सामान घ्या, टाकून द्या. त्यापेक्षा घरच सोबत नेतो. साइटवरचे निम्मे लोक असेच राहतात, त्यांच्या आया रडत नाहीत.

आप्पा, असल्या ट्रेलरला फिफ्थ-व्हील म्हणजे 'पाचवं चाक' म्हणतात म्हणून पाचवं चाक शोधू नका, माझ्या ट्रेलरला चारच आहेत. घोडागाडी वळावी म्हणून पुढच्या आसावर एक आडवं चाक असायचं, त्याचं नाव राहिलं. आपल्या उसाच्या ट्रॉलीची पिन ट्रॅक्टरच्या मागे बसते; हिची ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसावर. म्हणून ती ट्रॉलीसारखी शेपूट हलवत नाही.

मामींचा निरोप पोचला. डॅलसच्या त्यांच्या चिरंजीवांनाही अशीच जुनी ट्रेलर घ्यायचीय म्हणे. त्याला सांगा, आतला सोफा बघून भुलू नको, आधी छपरावर चढ. सांध्यांवरचं सीलंट तडकलंय का बघ. मग आत येऊन कोपऱ्याकोपऱ्यात पाय दाबून चाल. जमीन मऊ लागली की नमस्कार करून निघायचं. फ्रिज दुरुस्त होतो, पाणी प्यालेलं लाकूड होत नाही. ट्रक किती ओढतो ते जाहिरातीत वाचू नको. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट हौद्यावर येतो, माझा जवळजवळ नऊशे किलो. ट्रक किती वाहतो ते ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पिन बसली की ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक थोडा पुढे ओढायचा. सुटायचीच असेल तर तिथेच सुटू दे. आणि उंची चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटव, पूल आला की आठवत नाही.

आता टायर. मी नक्षी बघितली, नवी कोरी होती. बाजूचे चार आकडे बघितले नाहीत. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नुसतं उभं राहूनही रबर म्हातारं होतं, पाच-सहा वर्षांनी बदलायचंच. तो फुटला. वेग साठ मैलांचा होता, एका बाजूला दोन चाकं, दुसऱ्याने तोल धरला. मला खरचटलंसुद्धा नाही. चारही नवे घातलेत. विषय संपला.

आई, जेवत असशील तर हे नंतर ऐक. ट्रेलरखाली दोन टाक्या असतात. मोरीची करडी, संडासाची काळी. ती काळी टाकी प्रत्येकाने आपल्या हाताने रिकामी करायची. रविवारी सकाळी ट्रेलरवाल्यांची सगळी कॉलनी हातमोजे घालून पाइप जोडायला बाहेर, जशी आपल्याकडे सडा घालायला. पाइपाला मुद्दाम पारदर्शक तुकडा लावतात, पाणी निवळलं का बघायला, आणि निवळलं की शेजाऱ्याला बोलावून दाखवतात! आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. काळीची झडप एरवी बंदच. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि उरलेल्याचा ढीग वाळतो (हे मला कसं कळलं ते विचारू नका). मला शिकवलं शेजारच्या निवृत्त मास्तरांनी, दुसऱ्या हातात कॉफीचा कप धरून. त्यांना यात कमीपणा वाटतच नाही. आपल्याकडे हे काम कुणाच्या गळ्यात पडलं ते आठवून मी काही बोललो नाही. तू आंघोळ केल्याशिवाय देवघरात जाणार नाहीस. मीही करतो, मग दिवा लावतो.

पैशांचं. १२ हजार डॉलर ट्रेलरला, वर टायर. म्हणजे स्लॅबचे पैसे यंदा गेले, हे आप्पांनी विचारलं नाही तरी मला माहीत आहे. भाडं वाचतंय, दिवाळीनंतर नक्की. परवा छपरावर पालथा पडून फटी बुजवत होतो, तेव्हा आपल्या कौलांची आठवण होऊन हसूच आलं.

विट्याच्या स्थळाला मुलाचं घर कुठे ते कळवायचंय ना? खरं तेच सांगा, फोटो दाखवा. मुलीला हसू आलं तर पुढे बोलू, वडिलांना आलं तर राहू दे. टाक्यांचं मात्र मीच सांगेन.

सोमवारी तीस हजार पाठवतो. ताडपत्री यंदा दुहेरी घाला, आधी देवघरावर. आप्पांनी वर चढायचं नाही, गडी बोलवायचा.

तुमचा,
बाळू