सेंटरपिनवर कोणता तंगूस भरावा

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

गळाने मासे धरायला साडेचार इंची सेंटरपिन रीळ घेतलंस, इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीसाठी ते अगदी योग्य आहे. 16 जूनला नदी मासेमारीला खुली होईल, तोवर हाताशी वेळ आहे. तेव्हा दोरा घाईने भरू नकोस आणि मुख्य म्हणजे त्यावर ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, भरू नकोस. ब्रेड पाण्यावर तरंगतो आणि तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण सेंटरपिनवर नेमका तो बारीकपणाच नडतो.

या रिळाला गिअर नाही. एका पिनेवर ड्रम मोकळा फिरतो, प्रवाह फ्लोटला, म्हणजे दोऱ्यावरच्या तरंगत्या खुणेला, ओढतो, फ्लोट दोऱ्याला ओढतो आणि दोरा ड्रमला फिरवतो. फ्लोट क्षणभर अडखळला तरी ड्रम त्याच वेगात अर्धी फेरी पुढे जातो. त्या अर्ध्या फेरीचा दोरा सैल आटा होऊन उभा राहतो. आटा ताठ असेल तर तो ड्रमच्या कडेवरून उडतो, ड्रम आणि मागची प्लेट यांच्यातल्या फटीत शिरतो आणि पिनेला गुंडाळला जातो. मग ड्रम उतरवल्याशिवाय सुटका नाही. ब्रेड तर इतका बारीक आणि हलका की फटीत सहज जातो, वाऱ्याने रॉडच्या टोकाला वेटोळे घालतो आणि जोराचा मासा लागला की खालच्या थरांत रुतून बसतो.

म्हणून दोऱ्यात आधी मऊपणा बघ, मग तो पाण्यावर राहतो का ते, मग जाडी. ताकद सगळ्यात शेवटी. आपल्याकडे खाडीत हाताने गरवताना याच्या उलट असतं. तिथे शिशाने दोरा तळाला जायलाच हवा असतो आणि दगडावर घासला तरी तो टिकला पाहिजे, म्हणून जाड, कडक तंगूस चालतो. तीच सवय इथे आणलीस तर पहिल्याच दिवशी गुंता होईल.

मऊपणा दुकानातच कळतो. रिकाम्या हाताने मीटरभर दोरा ओढून लोंबता सोड. दोरा ज्या गुंडीवर विकायला येतो तिचे आटे तसेच राहिले, स्प्रिंगसारखे, तर तो परत ठेव. जवळजवळ सरळ लोंबला आणि बोटांत धाग्यासारखा वाटला तर घे. ‘आधीच ताणलेला’ म्हणून विकतात तो कमी ताणाचा, बारीक दोराही मुख्य दोरा म्हणून घेऊ नकोस. गाठीपाशी तो लवकर दगा देतो.

तरंगण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच लोक फसतात. साध्या नायलॉनची घनता सुमारे 1.14, म्हणजे तोही पाण्यापेक्षा जडच. तो वर राहतो तो फक्त पाण्याच्या पृष्ठताणामुळे. फ्लुरोकार्बनची घनता 1.78 च्या आसपास, तो बुडतोच; मुख्य दोरा म्हणून तो बाद. दोरा बुडाला की काय होतं? रॉड आणि फ्लोट यांच्यामधल्या दोऱ्याला प्रवाह पोट, म्हणजे बाक, आणतो. ते पोट उचलून वरच्या अंगाला टाकायचं म्हटलं तर बुडालेला दोरा उचलत नाही, उलट फ्लोटलाच ओढतो. फ्लोट आपली रेघ सोडून काठाकडे सरकतो आणि खालचं आमिष प्रवाहाबरोबर जायच्या ऐवजी आडवं फरफटतं. रोच मासा असलं आमिष तोंडातही धरत नाही.

यावर उपाय म्हणजे म्युसिलिनसारखं ग्रीस. कापडाच्या तुकड्यावर अगदी जरासं घे आणि पहिले 30 मीटर त्यातून ओढून काढ. फ्लोटपासून खालचा भाग कोरडा ठेव, नाहीतर आमिष खाली जायला वेळ घेतं. ग्रीस जास्त झालं तर वाळूचे कण चिकटतात आणि तेच पुढे रॉडच्या रिंगा घासतात.

जाडीचं म्हणशील तर ट्रेंटवर रोच आणि चब या माशांसाठी 4 पौंडी, म्हणजे चार पौंडांच्या ओढीपर्यंत टिकणारा, साधारण 0.18 मिलिमीटर. बार्बेल मासे असतील तिथे 6 पौंडी, 0.22 ते 0.23. छापील पौंडांवर विसंबू नकोस. एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे दोरे वेगवेगळ्या जाडीचे निघतात, म्हणून वेष्टनावरचे मिलिमीटर वाच. 0.15 च्या खाली मुख्य दोरा नेऊ नकोस. तो फटीत जातो आणि पावसात ओल्या रॉडला चिकटून बसतो. विकत घेण्याआधी त्याच जाडीचा तुकडा तुझ्या रिळाच्या फटीत सरकवून बघता आला तर उत्तम. रंग फिकट, वरून दिसणारा असावा. दोऱ्याचं पोट कुठे पडलंय हे तुला दिसायला हवं.

भरताना 100 मीटर पुष्कळ झाले. फ्लोट 30 मीटरच्या पुढे गेला की तुझा झटका दोऱ्याच्या ताणातच विरतो. रुंद ड्रमवर 100 मीटर पातळ दोऱ्याचा थर जेमतेम मिलिमीटरभर होतो, त्यामुळे ड्रम खोल असेल तर खाली जुना दोरा भरून उंची वाढव आणि कडेपासून 3–4 मिलिमीटर मोकळे सोड. काठोकाठ भरलंस की आटे आपोआप निसटतील.

गुंडीतून पेन्सिल आरपार घाल, कुणाला तरी धरायला सांग, गुंडी फिरत दोरा सुटला पाहिजे. गुंडी आडवी ठेवून कडेवरून दोरा ओढलास तर प्रत्येक वेढ्यागणिक एक पीळ पडतो. ओल्या कापडाच्या चिमटीतून हलका ताण देत, ड्रमच्या पूर्ण रुंदीवर पसरत भर.

पीळ नंतरही पडतो, विशेषतः ड्रमच्या बाजूने आटे काढून फेकलंस तर. तेव्हा टोकाला काही न बांधता 50 मीटर दोरा प्रवाहात सोड, दोन मिनिटं थांब, चिमटीतून गुंडाळ.

एका फेरीत सुमारे 32 सेंटीमीटर दोरा येतो. 30 मीटरवरून फ्लोट आणायला नव्वदच्या वर फेऱ्या लागतात, म्हणून सगळे ड्रमला थापट मारून दोरा गोळा करतात. तूही करशील, पण तो सैल बसतो. पुढच्या माशाने ओढला की वरचा थर खालच्या सैल थरात घुसतो आणि मासा पळत असताना ड्रम अडकतो. म्हणून मधूनमधून, आणि उठण्याआधी तर नक्कीच, पूर्ण दोरा चिमटीतून घट्ट गुंडाळ.

गळाचा दोरा नेहमी मुख्य दोऱ्यापेक्षा हलका. 4 पौंडीला 3 पौंडी, 6 पौंडीला 5 पौंडी, लांबी अर्धा मीटर. तुटलं तर गळापाशी तुटावं. माशाने फ्लोट आणि शॉट, म्हणजे दोऱ्यावर दाबून बसवलेली छोटी वजनं, मागे ओढत फिरू नये. गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळ. शॉट दाबून बसवल्यावर सरकवायचा असेल तर दोरा ओला करून घे. कोरडा सरकवलास तर घर्षणाच्या उष्णतेने दोऱ्याला डुकराच्या शेपटीसारखा पीळ बसतो. तसा दिसला की तेवढा तुकडा कापून टाक. शॉट शिशाचे नकोत, ब्रिटनमध्ये 1987 पासून 0.06 ते 28 ग्रॅमपर्यंतचं शिसं बंद आहे.

दर वेळी पहिले दोन मीटर नखातून ओढून बघ. खरखर लागली की काप. हंगाम संपला की दोरा बदल, तो मजबूत दिसला तरी.

तुझी,
आई

ता. क. कापलेले तुकडे काठावर टाकू नकोस, हंसांच्या पायात अडकतात. बारीक चिरून डबीत घाल आणि घरी आण.