तुझं लेस्टर, माझं एव्हर्टन

मालवण,
31 मे 2023

प्रिय भावा,

रविवारी इंग्लिश प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस झाला, तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर नाही. म्हणून आता पत्रच. फाडायचं म्हटलंस तरी चार ओळी नजरेखालून जातीलच.

आधीच सांगतो, मी सॉरी म्हणणार नाही. 57व्या मिनिटाला आमच्या एव्हर्टनच्या डुकुरेने बॉक्सच्या तोंडाशी आलेला बॉल तसाच हाणला, तेव्हा मी जो ओरडलो त्यात तुझं लेस्टर आता खालच्या डिव्हिजनात जातंय याचाही आनंद होता. तळाच्या तीन टीम खाली जातात, त्यातलं साउदॅम्प्टन केव्हाच गेलेलं. राहिलेल्या दोन खड्ड्यांच्या काठावर तू, मी आणि लीड्स. अशा वेळी कुणाला माया येते?

त्या रात्रीची गंमत तुला माहीत नाही. आयपीएलची फायनल म्हणून आमच्या पडवीत अर्धी वाडी जमली होती. आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल चालू आहे. होड्या वर ओढून झापांनी शाकारायचं काम अजून उरकलेलं नाही. दमलेली माणसं धोनी बघायला म्हणून आलेली. आणि अहमदाबादेत पावसाने टॉससुद्धा होऊ दिला नाही! नऊ वाजता एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर मॅच सुरू झाली, तेव्हा मी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलो होतो आणि बाकीचे टीव्हीवर मैदानावरची आच्छादनं बघत होते. हाफटाइमपर्यंत तेही कंटाळले. रिमोट आपसूक माझ्या हातात आला.

एव्हर्टनची टीम बघितलीस ना? कॅल्व्हर्ट-लुईन जायबंदी, कोलमन जायबंदी, धड एक फुलबॅक (कडेचा बचावपटू) शिल्लक नाही. डाव्या बाजूला मॅकनील, पुढे एकटा ग्रे. 1954 पासून वरच्या डिव्हिजनमधून न हललेला क्लब, नऊ वेळा चॅम्पियन, आणि शेवटच्या दिवशी ही अवस्था. समोर बोर्नमथ, ज्यांना हरून-जिंकून काही फरक पडणार नव्हता. आमचं 0-0 चालू असताना 34व्या मिनिटाला तुमच्या बार्न्सने वेस्ट हॅमवर गोल केला आणि दोघांचे गुण 34 झाले. गोलफरक तुमचा सरस, म्हणजे त्या घडीला मी खाली. ते वीसेक मिनिटं मी काय खाल्लं, कोणाशी काय बोललो, आठवत नाही. आजी तेवढ्यात म्हणाली, "हरले तर खंय जातले रे?"

खालच्या डिव्हिजनात, मी म्हटलं.

"मगे, थंयसर पण फुटबॉलच खेळतले मां?"

यावर काय बोलणार? पडवी हसली. मी नाही हसलो.

गोल झाल्यावर माणसं बदलली बघ. ज्यांना एव्हर्टन हे गावाचं नाव की औषधाचं ते माहीत नव्हतं, ते दहा मिनिटांच्या जादा वेळेला रेफ्रीला मालवणीतून शिव्या देत होते. आमचा गोलकीपर पिकफर्डने शेवटी बोर्नमथचा व्हॉली अडवला तेव्हा शेजारच्या तात्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून दुखतंय. आणि डुकुरे! आधीच्या मॅनेजर लॅम्पार्डच्या शेवटच्या दिवसांत बाहेर बसवलेला माणूस. नव्या मॅनेजर डाइशने आल्यावर त्याला परत आणलं आणि त्यानेच तारलं.

पण भावा, तुमचं नशीब रविवारी ठरलंच नव्हतं. रविवारी तुम्ही 2-1 जिंकलात की! ते ठरलं 1 मेला, आपल्याच मॅचमध्ये. तुम्ही 2-1 ने पुढे, हाफटाइम जवळ आलेला आणि तुमच्या मॅडिसनला पेनल्टी. त्याने बॉल सरळ मधोमध मारला, पिकफर्ड जागचा हलला नाही. नंतर आमच्या इवोबीने बरोबरी केली, 2-2. आता कागदावर मांड: ती मॅच तुम्ही जिंकली असती तर शेवटी तुमचे 36 आणि आमचे 35. प्रत्यक्षात आमचे 36, तुमचे 34. अडतीस मॅचेसचा सीझन एका पेनल्टीवर येऊन टेकतो. हे मी तुला चिडवायला लिहीत नाहीये (थोडं चिडवायलाही). त्या रात्री तू मला फोनवर म्हणाला होतास, "एक पॉइंट तर एक पॉइंट, चाललं." मीही तेच म्हणालो होतो.

सोमवारी फायनल झाली, जडेजाने शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून चेन्नईला जिंकून दिलं. काल बाजारात जो तो त्याबद्दलच बोलत होता. भारी मॅच, मी कशाला नाही म्हणू? पण त्या स्पर्धेत हैदराबाद सगळ्यात शेवटी आलं आणि पुढच्या वर्षी ते तिथेच असणार. तळाच्या टीमच्या शेवटच्या मॅचला कोण जीव टाकून बघतं? आपल्याकडे खाली पडण्याची भीतीच ठेवलेली नाही. आमच्या शेजारच्या गोव्यातल्या डेम्पो फुटबॉल क्लबचं बघ. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, तरी 2015 मध्ये आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल लीगमधून खाली गेले. पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर आले. मग 2016 मध्ये फेडरेशनच्या नव्या रचनेला विरोध करून साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातल्याच क्लबांबरोबर स्पर्धाच सोडली. मैदानावर पडले, मैदानावर उठले आणि संपले ते बैठकीच्या टेबलावर. त्यापेक्षा तुझं लेस्टर बरं म्हणायचं, निदान खेळून गेलं.

2016 मध्ये पाच हजारास एक असा भाव असताना लेस्टर चॅम्पियन झालं, तेव्हा तू हॉस्टेलभर पेढे वाटले होतेस. कोल्हापूरचा, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमवर जीव टाकणारा माणूस इंग्लंडातल्या कुठल्या टीमच्या मागे लागतो म्हणून मी हसलो होतो. आणि मी तरी काय, आमचा केहिल गोल केला की कॉर्नर फ्लॅगला ठोसे मारायचा एवढ्यावर एव्हर्टनचा झालो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तू मला पहिल्यांदा नेलं नसतंस तर तेही नसतं.

मॅडिसन आणि बार्न्सला विकतील असं मला वाटतं. तरी खाली चोवीस टीम, 46 मॅचेस, पहिले दोघे सरळ वर. तुमच्याकडे पैसा आहे, खेळाडू आहेत. मला तर धाकधूक आमचीच वाटते. सलग दोन सीझन असे कसेबसे वाचलोय, तिसऱ्याला कोण वाचवेल?

उद्यापासून मासेमारी बंद, ती 31 जुलैपर्यंत. ऑगस्टमध्ये ये, ताजी सुरमई मिळेल आणि लेस्टरची मॅच दिसत असेल तर तीही लावू. आजीने तुला बोलावलंय, मी नाही. आणि येताना कांदा-लसूण चटणी आण, मागची संपली.

तुझा,
मालवणकर