‘हाउसफुल्ल’ म्हणजे नेमक्या किती खोल्या?

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की ‘मालवण हाउसफुल्ल’, ‘सिंधुदुर्ग पर्यटकांनी फुलला’ असे मथळे दरवर्षी येतात. जेटीवरची रांग आणि तारकर्लीच्या रस्त्यावरची कोंडी खरी असते, पण हंगाम कसा गेला हे तिच्यावरून कळत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. अशा जिल्ह्यात किती खोल्या, किती रात्री, कोणत्या भावाने गेल्या हा आकडा दर आठवड्याला लोकांसमोर यायला हवा.

त्यासाठी तीनच गोष्टी लिहून घ्याव्या लागतात: विकायला असलेल्या खोल्या, प्रत्यक्ष लागलेल्या खोल्या आणि खोलीभाड्याचे हातात आलेले पैसे. उदाहरणादाखल सहा खोल्यांचे एक न्याहारी-निवास धरा. नोव्हेंबरच्या ३० दिवसांत त्याच्याकडे विकायला १८० रूम-नाइट (एक खोली, एक रात्र) असतात. त्यातल्या ९९ लागल्या आणि भाड्याचे २,४७,५०० रुपये आले, तर भरणा, म्हणजे लागलेल्या खोल्यांचे प्रमाण, ५५ टक्के, सरासरी भाव २,५०० रुपये आणि उपलब्ध खोलीमागे रोजचे उत्पन्न १,३७५ रुपये. पुढच्या वर्षी मालकाने भाव २,००० वर आणला आणि ११७ रूम-नाइट लागल्या. भरणा ६५ टक्क्यांवर गेला, पण भाडे २,३४,००० वर आणि खोलीमागचे उत्पन्न १,३०० वर उतरले. चादरी जास्त धुवाव्या लागल्या आणि पैसे कमी मिळाले. म्हणून नुसत्या भरण्यावर हंगाम चांगला ठरवू नये, आधी हा खोलीमागचा आकडा पाहावा.

तोही फसवू शकतो. गळतीमुळे दोन खोल्या महिनाभर बंद असतील, तर विकायला १२० रूम-नाइटच उरतात. त्यातल्या ७८ त्याच २,००० च्या भावाने लागल्या तरी भरणा ६५ टक्के आणि खोलीमागचे उत्पन्न १,३०० च दिसते. तेव्हा बंद खोल्या वेगळ्या रकान्यात हव्यातच.

बुकिंगच्या संकेतस्थळांवरून अंदाज बांधणाऱ्यांची सर्वात मोठी चूक ‘खोली उपलब्ध नाही’ या ओळीपाशी होते. ती खोली विकली गेली असेलच असे नाही. मालकाने फोनवरच्या गिऱ्हाइकासाठी ती तारीख अडवून ठेवली असेल, नाहीतर घरच्या लग्नासाठी बंद केली असेल. एकच खोली तीन संकेतस्थळांवर असते, ती तीनदा मोजली जाते. शिवाय आपल्याकडची बरीचशी घरगुती निवासस्थाने व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडव्हान्स घेऊन चालतात. ती या मोजणीत येतच नाहीत. तरीही संकेतस्थळावरचा भाव कामाचा असतो. ठरावीक निवासस्थानांचा, त्याच प्रकारच्या खोलीचा, त्याच रात्रीचा भाव ३० दिवस आधी, ७ दिवस आधी आणि आदल्या दिवशी टिपावा. शेवटच्या आठवड्यात भाव खाली येऊ लागला, तर मागणी अपेक्षेइतकी नाही हे सुट्टी सुरू होण्याआधीच कळते.

भाव टिपताना कर वगळून टिपावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ३,००० रुपयांच्या खोलीचे बिल ३,३६० चे ३,१५० झाले. करासकट भाव लिहून ठेवणाऱ्याला सव्वासहा टक्के घसरण दिसेल, मालकाने मात्र एक रुपयाही कमी केलेला नाही. जेवणाचेही तेच. आपल्याकडे अनेक ठिकाणी माणशी, दोन वेळच्या जेवणासह भाव सांगतात. त्यातून थाळीचे पैसे वजा केले नाहीत, तर सुरमई महागली की खोली महागली असे दिसू लागते.

तुलना तारखेने न करता सणाने करावी. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून पाहिला तर निष्कर्ष हमखास चुकतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री बाकीच्या पाच रात्रींपासून वेगळ्या ठेवाव्यात, कारण शनिवारी भरलेले घर मंगळवारी रिकामे असते आणि सरासरीत दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. गणपतीत तर कोकण रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, पण चाकरमानी उतरतो तो स्वतःच्या घरी. त्या गर्दीला पर्यटन म्हणू नये.

जिल्ह्याची एकच सरासरीही काढू नये. मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ल्याचा किनारा पावसाळ्यात थंडावतो, तेव्हाच आंबोलीचा हंगाम असतो. कुडाळ-कणकवलीच्या लॉजमध्ये कंपन्यांचे प्रतिनिधी आणि लग्नाची वऱ्हाडे उतरतात, त्यांचा गट निराळा हवा. प्रत्येक गटात दहा-बारा निवासस्थाने, त्यातली निम्मी तरी घरगुती, आणि तीच वर्षभर कायम. दर सोमवारी प्रत्येकाकडून वरचे तीन आकडे घ्यावेत. नावे गुप्त राहतील आणि फक्त गटाची बेरीज छापली जाईल, याची लेखी हमी द्यावी. करखात्याच्या धास्तीने मालक आकडे कमी सांगतात, ही यातली खरी अडचण आहे. ती दूर झाल्याशिवाय बाकी सगळे कागदावरच राहील.

युरोपीय संघाच्या युरोस्टॅट या सांख्यिकी कार्यालयाने २०२० मध्ये एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम, एक्स्पीडिया आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझर यांच्याशी करार केला. त्यामुळे तिथे या संकेतस्थळांवरून झालेल्या मुक्कामांच्या रात्री प्रदेशवार प्रसिद्ध होतात. आपल्या पर्यटन विभागानेही तशी मागणी करावी.

गोव्यातून सकाळी स्कूबासाठी मालवणला येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक मात्र यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याच्यासाठी किल्ल्याच्या होड्यांची आणि स्कूबाची रोजची तिकिटे मोजून आकडा शेजारी वेगळा द्यावा, खोल्यांत मिसळू नये. आपल्या दैनिकाने दर गुरुवारी एवढा छोटा तक्ता छापायची तयारी दाखवली, तर आकडे द्यायला मालकही पुढे येतील.

– निवास व्यवसायातील एक वाचक, मालवण