जाड पत्रा आणि तुटलेला कान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेरीस रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून या गाडीच्या आठवणींचे लेख अधूनमधून वाचायला मिळतात. आमच्या घरीही पद्मिनी सतरा वर्षे होती, त्यामुळे मी ते आवडीने वाचतो; मात्र ‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती आजच्या डबड्यांपेक्षा सुरक्षित’ हे जे वाक्य त्यांत हमखास येते, त्याला माझा आक्षेप आहे.

मुळात पद्मिनीही छोटीच गाडी होती. तिचे इंजिन १,०८९ सीसीचे आणि लांबी चार मीटरहून किंचित कमी. म्हणजे छोट्या पेट्रोल गाड्यांना करात सवलत देताना सरकारने लावलेल्या चार मीटर आणि १,२०० सीसी या निकषांत ती सहज बसली असती. खरा फरक पडतो तो धडकेच्या वेळी. आजच्या गाडीचे नाक चुरगळावे अशीच त्याची रचना केलेली असते. धक्क्याचा जोर त्या चुरगळण्यात खर्ची पडतो आणि माणसे बसतात तो भाग शक्यतो शाबूत राहतो. जुन्या गाड्यांत पत्रा कमी चेपत असे, पण हिसका माणसाला बसे. सायनजवळ एकदा वडिलांनी ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी पुढच्या ट्रकला टेकली. बंपरला पोचाही आला नाही, हे ते पुढे अनेक वर्षे कौतुकाने सांगत. पुढच्या सलग बाकावर बसलेल्या आईच्या कपाळाला आलेले टेंगूळ मात्र त्या गोष्टीत कधी आले नाही. गाडीत पुढच्या आसनांच्या सीटबेल्टची सक्ती झाली ती १९९४ मध्ये, आणि आज पुढच्या दोन्ही आसनांसमोर एअरबॅगही सक्तीची आहे.

जुन्या गाडीचे कौतुक करायचेच, तर ते दुरुस्तीबाबत करावे. कॉन्टॅक्ट पॉइंट (इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे टोक) पॉलिशपेपरने घासून बंद पडलेली गाडी रस्त्याकडेला सुरू करणे मला कॉलेजात असतानाच जमत होते. उलट, मागच्या पावसाळ्यात आमच्या सध्याच्या हॅचबॅकला एक दुचाकी घासून गेली आणि हेडलाइट धरून ठेवणारा बोटाएवढा प्लास्टिकचा कान तुटला. काच, दिवा, वायरिंग सारे धड असूनही अख्खा हेडलाइट बदलावा लागला, कारण तो कान सुटा मिळत नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलमध्ये वाहनांचाही समावेश आहे. कोणत्या मॉडेलचे कोणते भाग सुटे मिळतात आणि कोणते पूर्ण संचासहच घ्यावे लागतात, याची किमतींसह यादी प्रत्येक उत्पादकाने तेथे द्यावी, म्हणजे गाडी घेणाऱ्याला ती बुकिंगपूर्वीच पाहता येईल.

आपला,
एक वाचक, ठाणे